मनोरुग्णाच्या दारात पोलीस : गोमंतकीयांच्या मंडळाच्या ईमेल यादीवरील पत्रव्यवहार

प्रेषक : सु. ना., टोरांटो
विषय : आईला काय सांगू?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ गोव्यात फोंडा तालुक्यात आईजवळ राहतो. त्याला बऱ्याच वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. औषधे नियमित चालू असली की तो कुळागराचे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचे, काम पाहतो, देवळात भजनाला बसतो; औषधे सुटली की कोणीतरी आपल्याला मारायला टपले आहे असे सांगणारे आवाज त्याला ऐकू येऊ लागतात. गेल्या महिन्यात अशाच एका रात्री त्याने कोयता हातात घेऊन खोलीचे दार आतून लावून घेतले. शेजारचे काका दाराबाहेर बसून बोलत राहिले आणि पहाटेपर्यंत तो शांत झाला. पुन्हा असे झाले तर पोलिसांना बोलवायचे का, असे आईने मला फोनवर विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

मी ज्या शहरात राहते तिथे 2013 च्या जुलैमध्ये सॅमी यातीम हा 18 वर्षांचा तरुण प्रवासी उतरून गेलेल्या ट्रामगाडीत लहान सुरी घेऊन उभा होता. जेम्स फोर्सिलो या पोलीस शिपायाने तिथे पोहोचल्यावर मिनिटभराच्या आत गोळीबार सुरू केला आणि एकूण नऊ गोळ्या झाडल्या; त्यात सॅमी मरण पावला. पुढे खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली त्याला शिक्षा झाली. या मृत्यूनंतर निवृत्त न्यायमूर्ती फ्रँक याकोबुची यांनी संकटात सापडलेल्या व्यक्तींशी पोलिसांनी कसे वागावे यावर 2014 मध्ये 84 शिफारशींचा अहवाल दिला. 2022 पासून इथे पोलिसांऐवजी प्रशिक्षित नागरी पथक पाठवणारी सेवा सुरू झाली आणि 2024 मध्ये ती साऱ्या शहरात पोहोचली. हे चांगलेच झाले. परंतु माणसाच्या हातात शस्त्र असेल तर बोलावणे पोलिसांकडेच जाते, आणि माझ्या आईचा प्रश्न नेमका तिथेच आहे. गोव्यातील जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रेषक : द. शि., म्हापसा
विषय : उत्तर – आईला काय सांगू?

ताई, नमस्कार.

माझा मुलगा मंडळाचा सभासद असल्यामुळे ही पत्रे मला वाचायला मिळतात. मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून प्रथम कायदा काय सांगतो ते लिहितो. तो आपल्याकडील पुष्कळ घरांना ठाऊक नसतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 याच्या कलम 100 प्रमाणे, मानसिक आजारामुळे एखादी व्यक्ती स्वतःला किंवा इतरांना धोका ठरत आहे असे मानण्यास कारण असेल, तर तिला संरक्षणाखाली घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. तिला कशासाठी नेत आहोत हे सांगावे लागते. शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे लागते. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात तिला ठेवता येत नाही, आणि या नियमाला अपवाद नाही. बेघर किंवा भटकताना सापडलेल्या मनोरुग्णासाठी हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घेण्याची जबाबदारीही त्याच कलमाने ठाण्याच्या अधिकाऱ्यावर टाकली आहे. अटकेच्या सर्वसाधारण तरतुदीतही, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये, ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही अशा माणसाचा जीव घेण्याचा अधिकार त्या कलमातून पोलिसांना मिळत नाही.

तेव्हा कागदावर पोलिसाचे काम रक्षकाचे आहे. दारात पोहोचल्यावर मात्र त्याच्या हातून वेगळे घडू शकते, आणि त्याचे कारण मला क्रौर्यात दिसत नाही, सवयीत दिसते. माझ्या पिढीच्या पोलिसाला चढ्या आवाजात हुकूम द्यायला, जवळ जाऊन ताबा घ्यायला आणि हुकूम मोडला की बळ वाढवायला शिकवले गेले. चोराच्या बाबतीत ही रीत चालते, कारण चोराला हुकूम कळतो आणि तो स्वतःचे हित पाहून सुरी टाकतो. ज्याच्या कानात आधीच चार आवाज ओरडत आहेत त्याला पाचवा आवाज हुकूम म्हणून ऐकू येत नाही. आपल्याला मारायला आलेला माणूस अखेर दारात उभा राहिला, अशी त्याची खात्री पटते. मग तो कोयता अधिक घट्ट धरतो, पोलीस ते आज्ञाभंग समजतो, आणि पुढचे सारे काही क्षणांत होऊन जाते. हातात बंदूक असेल तर मृत्यू, लाठी असेल तर मोडलेली हाडे. आपल्याकडे बहुधा लाठी असते म्हणून आपण समाधान मानावे, असे मला वाटत नाही.

तरीही शिपायाची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. रात्रीच्या वेळी, अरुंद माजघरात, कोयता धरलेल्या माणसासमोर दोन हातांच्या अंतरावर उभे राहणाऱ्यालाही घर आहे, मुले आहेत. त्याला धीर धरा असे सांगणे पुरेसे नाही. धीर धरता येईल इतके अंतर त्याला मिळाले पाहिजे. घरातील इतर माणसे बाहेर काढावीत, रुग्ण खोलीत एकटा असेल तर त्याला तिथेच असू द्यावे, भोंगा व दिवे बंद ठेवावेत, बोलणारा एकच असावा आणि बाकीच्यांनी गप्प राहावे. बंद खोलीत एकट्याने बसलेला माणूस त्या क्षणी दुसऱ्या कोणालाही इजा करत नसतो, आणि तो स्वतःला इजा करत नाही ना एवढी खात्री बोलणाऱ्याने ठेवली तर दार फोडण्याची घाई कोणाच्याच कामाची नाही. तुमच्या शेजारच्या काकांनी पहाटेपर्यंत बसून जे केले, तेच चांगल्या पोलिसाने करायचे असते.

प्रेषक : अ. वा., सिडनी
विषय : उत्तर – टेझरबद्दल

सन्माननीय सभासदहो,

बंदुकीऐवजी विजेचा धक्का देणारे टेझर दिले की प्रश्न सुटेल, असे आपल्या मंडळींत पुष्कळदा बोलले जाते, म्हणून एक घटना नोंदवतो. 2023 च्या मे महिन्यात न्यू साउथ वेल्समधील कूमा या गावी वृद्धाश्रमात राहणाऱ्या 95 वर्षांच्या क्लेअर नोलंड, ज्यांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे होती, पहाटेच्या वेळी सुरी घेऊन चालण्याच्या चौकटीच्या (वॉकरच्या) आधाराने फिरत होत्या. पोलीस अधिकाऱ्याने त्यांच्यावर टेझर चालवला. त्या पडल्या, डोक्याला मार लागला आणि आठवड्याने वारल्या. 2024 मध्ये ज्यूरीने त्या अधिकाऱ्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. चौकट धरून चालणाऱ्या आजींपासून चार पावले मागे सरणे कोणालाही शक्य होते. म्हापशाच्या दादांनी सवयीबद्दल जे लिहिले आहे, त्याला माझ्या मते याहून स्पष्ट पुरावा लागत नाही : हत्यार सौम्य असले तरी घाई तीच होती.

प्रेषक : म. गा., ताळगाव
विषय : उत्तर – आईला काय सांगू?

ताई, सप्रेम नमस्कार.

मनोरुग्णांच्या कुटुंबांसोबत माझे आयुष्य गेले आहे. दादांच्या पत्राशी मी बहुतांशी सहमत आहे, एका गोष्टीत मात्र नाही. त्यांनी पोलीस दारात आल्यापासून विचार सुरू केला आहे, आणि माझ्या मते तोपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. कोयत्याची रात्र अचानक येत नाही. त्याआधी कित्येक दिवस झोप उडते, जेवण अर्धवट राहते, खिडक्या बंद होऊ लागतात, आणि गोळ्या उशीखाली सापडतात. त्या दिवसांत बांबोळीच्या मनोरुग्णालयातील डॉक्टरांकडे, म्हणजे आपण ज्याला आयपीएचबी म्हणतो तिथे, नेता आले, तर पोलिसांचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. गोळ्यांनी अंग जड होते, हात थरथरतात म्हणून रुग्ण त्या सोडतो, आणि हे डॉक्टरांना सांगितले तर औषध बदलता येते. घरच्यांना ते नुसते हट्टीपण वाटते. 14416 या टेली-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी सल्ला मिळतो. तिथून घरी माणूस पाठवला जात नाही, पण घाबरलेल्या आईला काय बोलावे आणि काय बोलू नये हे समजावून सांगणारे कोणी मिळणे, ही लहान गोष्ट नाही.

अमेरिकेतील मेम्फिस शहरात 1987 मध्ये सुरी घेतलेल्या एका मनोरुग्ण तरुणाला पोलिसांनी ठार केल्यानंतर, 1988 पासून निवडक पोलिसांना 40 तासांचे प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली आणि ती पुढे अनेक देशांत गेली. तिच्या अभ्यासांतून पोलिसांची समज वाढल्याचे दिसते. बळाचा वापर कमी झाल्याचा पुरावा तितका भक्कम नाही. मला त्या योजनेतील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. पोलिसाने आणलेल्या रुग्णाला विनाविलंब दाखल करून घेणारे एक रुग्णालय तिथे ठरवून दिले होते. आपल्याकडे काणकोणहून किंवा सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून रात्री बांबोळीला पोहोचायचे, आणि तिथे कागदपत्रांसाठी थांबायचे, हे शिपायाला दिसत असेल तर तो दारातच प्रकरण उरकण्याच्या मनःस्थितीत येतो. नुसत्या प्रशिक्षणाने ही अडचण दूर होत नाही.

शस्त्राशिवाय जाणारे पथक ही कल्पना परकी मानण्याचेही कारण नाही. पर्वरीच्या संगाथ संस्थेने आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार होऊ शकतात हे दाखवले आणि जगाने त्याची दखल घेतली. तो अनुभव तीव्र उद्रेकाचा नव्हता, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लागू पडणार नाही. पण गावातील माणूस शिकवून तयार करता येतो, एवढे त्यातून निश्चित होते. अशी सेवा टिकवायला मात्र दरवर्षी पैसा लागतो. अमेरिकेतील युजीन शहरात 1989 पासून चाललेले कहूट्स हे निःशस्त्र पथक 2025 मध्ये तिथे बंद पडले. मंडळाने देणगीचा विचार केला तर तो एकदाच्या कार्यक्रमासाठी करू नये, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते.

तुमच्या घरापुरते सांगायचे तर, भाऊ बरा असताना त्याच्याशीच बोला. 2017 च्या कायद्यात आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे रुग्णाला आधीच लिहून ठेवता येते, तसेच आपला प्रतिनिधीही नेमता येतो. हा लेख पोलिसांवर बंधनकारक नाही, तरी ठाण्यात त्याची प्रत दिलेली असली तर येणारा माणूस अनोळखी घरात येत नाही. कोयते, विळी, कुऱ्हाड कुलपात ठेवा. पोलिसांना बोलवावेच लागले, तर आईने फोनवर प्रथम आजाराचे नाव सांगावे, मग हातात काय आहे, घरात आणखी कोण आहे आणि तो कोणाचे ऐकतो ते सांगावे, आणि 108 ची रुग्णवाहिकाही त्याच वेळी मागवावी. ‘मुलगा मारायला उठला आहे’ एवढेच सांगितले तर येणारे त्याच तयारीने येतील.

प्रेषक : सु. ना., टोरांटो
विषय : उत्तर – आईला काय सांगू?

दादा, ताई आणि सिडनीचे बंधू, आपणा सर्वांची मी ऋणी आहे.

काल भावाशी बोलले. तो सध्या बरा आहे. कागद लिहायला तो तयार आहे, आणि प्रतिनिधी म्हणून त्याने माझ्याऐवजी शेजारच्या काकांचे नाव सांगितले, कारण मी फार लांब आहे; ते योग्यच आहे. पोलीस आलेच तर गणवेशातील कोणी उंबऱ्याच्या आत येऊ नये आणि त्याच्याशी काकांनी बोलावे, असेही त्याने लिहून घ्यायला सांगितले आहे. दादा, ठाण्याचे प्रमुख अशी विनंती आधी ऐकून घेतील का, आणि काकांसोबत तिथे आपण एकदा जाल का, हे कृपया कळवावे.

प्रेषक : द. शि., म्हापसा
विषय : उत्तर – आईला काय सांगू?

ताई, ऐकून घेतील की नाही हे गेल्याशिवाय कळणार नाही, पण मी जाईन. अधिकारी बदलून जातात, म्हणून अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. डॉक्टरांचे अलीकडचे औषधपत्र सोबत असू द्या. काकांचा दूरध्वनी क्रमांक मला यादीवर न पाठवता स्वतंत्रपणे पाठवावा.