महानगरातील बेघरांची संख्या घटते आहे की वाढते आहे, हे विश्वासार्हपणे कसे ठरवावे?

प्रश्न — कोरी_पाटी

एका मोठ्या नागरी क्षेत्रातील बेघरांविषयीच्या अभ्यासात माझ्यापुढे पुढील अडचण उभी राहिली आहे. माझ्याकडे दोन प्रकारची माहिती आहे. पहिली, दरवर्षी एका ठरावीक रात्री स्वयंसेवकांनी रस्त्यांवर फिरून केलेली मोजणी. दुसरी, रात्रनिवाऱ्यांच्या हजेरीपटांवरून काढलेला दररोजचा भरणा, म्हणजे किती खाटा भरलेल्या होत्या. गेल्या दोन वर्षांत रस्त्यावरील मोजणीचा आकडा बराच खाली आला असून बेघरपणा कमी झाल्याचा निष्कर्ष त्यावरून काढला जात आहे. मात्र याच काळात निवाऱ्यांतील खाटा वाढल्या, मोजणीचे मार्ग बदलले आणि स्वयंसेवकांची संख्या घटली. निवाऱ्यांचा भरणा तर सर्व वर्षे जवळपास तेवढाच, म्हणजे पूर्ण आहे.

अशा स्थितीत घट खरी आहे असे म्हणता येईल काय? आणि पुढील काही वर्षांसाठी मोजणीची रचना नव्याने करायची असेल, तर ती कशी असावी? आकडा किती मोठा आहे यापेक्षा त्याची दिशा मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण निधीचे निर्णय त्या दिशेवरच होतात.

प्रतिसाद — आलेख

तुम्ही दिलेल्या माहितीवरून घट झाली असे म्हणता येणार नाही आणि झाली नाही असेही म्हणता येणार नाही. एका रात्रीच्या मोजणीत जो आकडा हाती येतो, तो रस्त्यावर असलेल्या माणसांची संख्या आणि त्यांपैकी किती जण मोजणाऱ्यांना सापडले याचे प्रमाण, या दोहोंचा गुणाकार असतो. मार्ग बदलले व स्वयंसेवक घटले म्हणजे दुसरा घटक बदलला. तो किती बदलला हे मोजलेले नसेल, तर पहिल्या घटकाविषयी काहीही सांगता येत नाही. सापडण्याचे प्रमाण दरवर्षी सारखे राहिले असते, तर निम्मी माणसे सुटली असती तरीही दिशा बरोबर कळली असती. म्हणून दिशा मोजणाऱ्याने अचूकतेपेक्षाही सातत्याला अधिक जपले पाहिजे.

सापडण्याचे प्रमाण मोजण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. न्यूयॉर्कमध्ये २००५ साली मोजणीच्या रात्री काही प्रशिक्षित व्यक्तींना बेघरांप्रमाणे ठिकठिकाणी बसवण्यात आले. कोण कोठे बसले आहे हे मोजणाऱ्यांना ठाऊक नव्हते. यांतील सुमारे २९ टक्के ठिकाणी बसलेल्यांनी आपण मोजणीतून सुटल्याचे कळवले. त्याच अभ्यासात नंतर बेघरांना विचारले असता, रस्त्यावर रात्र काढणाऱ्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक जण नजरेस पडणारच नाहीत अशा जागी होते असे आढळले. सुटण्याची ही दोन कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांचे प्रमाणही वेगवेगळे मोजावे लागते.

दुसरा मार्ग दोन स्वतंत्र मोजण्यांचा. समजा पहिल्या रात्री ४०० जणांची नोंद झाली, काही दिवसांनी ३०० जणांची, आणि यांतील १२० जण दोन्ही वेळा आढळले. तर एकूण अंदाज ४०० गुणिले ३०० भागिले १२०, म्हणजे १,००० इतका येतो. परंतु या सूत्रामागे दोन गृहीतके आहेत: दोन रात्रींच्या दरम्यान कोणी आले-गेले नाही आणि प्रत्येकाच्या सापडण्याची शक्यता सारखी आहे. प्रत्यक्षात ठरावीक जागी झोपणारी माणसे दोन्ही वेळा सापडतात. त्यामुळे सामाईक संख्या फुगते आणि एकूण अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. उलट मधल्या काळात बरीच माणसे परगावी गेली आणि नवी आली, तर तो जास्त येतो. म्हणून वस्तीचे प्रकार, वय आणि स्त्री-पुरुष असे गट पाडून प्रत्येकाचा अंदाज स्वतंत्रपणे काढावा.

आणखी एक गोष्ट बहुतेक अहवालांत राहून जाते. सर्व काही निर्दोष असले, तरी ९०० च्या आसपासच्या मोजणीत निव्वळ योगायोगाने ६० इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे. माणसे घोळक्याने राहत असल्यामुळे प्रत्यक्षातील चढउतार याहूनही मोठा असतो. वर्षागणिक चार-पाच टक्क्यांच्या बदलावरून मथळे सजवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

प्रतिसाद — रातवा

वरील प्रतिसादातील गणित पटते. परंतु मोजणीच्या वर्गवारीआधी व्याख्या निश्चित करणे अत्यावश्यक आहे, कारण व्याख्येतच दिशा दडलेली असते.

जपानमध्ये २००२ च्या कायद्याने बेघर व्यक्तीची व्याख्या उद्याने, नदीकाठ, रस्ते, स्थानके अशा जागी राहणारी व्यक्ती अशी केली. त्यानुसार २००३ साली देशभरात २५,२९६ जणांची नोंद झाली आणि २०२४ साली ती २,८२० वर आली. ही घट खरी आहे, त्यामागे मदतयोजनाही आहेत. परंतु टोकियो महानगर प्रशासनाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, राहायला घर नसल्यामुळे रात्रभर उघड्या असणाऱ्या इंटरनेट कॅफेंमध्ये झोपणाऱ्यांची संख्या केवळ त्या महानगरातच सुमारे ४,००० असल्याचा अंदाज निघाला. ही माणसे देशव्यापी मोजणीत कोठेच नाहीत. ऑस्ट्रेलियाने नेमके उलट केले आहे. तेथील २०२१ च्या जनगणनेतील १,२२,४९४ बेघरांमध्ये अत्यंत दाटीवाटीच्या घरांत राहणारेही धरले आहेत. तंबूत, तात्पुरत्या आडोशाला किंवा उघड्यावर झोपणारे त्यांत साधारण सहा टक्केच आहेत. या दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

भारताच्या जनगणनेत २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री पदपथ, उड्डाणपुलाखालची जागा, सिमेंटचे मोठे पाइप, रेल्वे फलाट, प्रार्थनास्थळे अशा ठिकाणी राहणाऱ्यांची नोंद झाली. देशातील बेघरांची एकूण संख्या २००१ मधील सुमारे १९.४ लाखांवरून १७.७ लाखांवर आली; त्याच दशकात शहरांतील बेघर मात्र ७.८ लाखांवरून ९.४ लाखांवर गेले. एकच मोजणी, एकच व्याख्या, आणि तरीही कोणती बेरीज वाचली यावर दिशा बदलते. तुमच्या नागरी क्षेत्राच्या सीमा मधल्या काळात बदलल्या असतील, तर हाच प्रश्न तुम्हालाही भेडसावेल.

रात्रीच्या मोजणीविषयी काही मुद्दे नोंदवतो, कारण कागदावरील आराखड्यात ते सुटतात. स्त्रिया, विशेषतः एकट्या स्त्रिया, सुरक्षिततेसाठी मुद्दाम नजरेआड राहतात, रात्रभर चालत राहतात, बसमध्ये किंवा रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात बसून रात्र काढतात. त्यांची मोजणी रस्त्यावर करायला गेल्यास ती कायम कमीच येणार. मोजणीच्या आधीच्या आठवड्यांत पदपथ रिकामे करण्याची कारवाई झाली असेल, तर माणसे नाहीशी होत नाहीत, ती ओळखीच्या मार्गांवरून अनोळखी मार्गांवर जातात. कारवाईच्या तारखा मोजणीच्या नोंदीत लिहून ठेवाव्यात. पाऊस, थंडी, सण, निवडणूक यांचाही परिणाम होतो. याशिवाय रात्रपाळीनंतर वाहनातच झोपलेला चालक किंवा गाडीची वाट पाहणारा प्रवासी यांना बेघर समजण्याची चूकही होते; ती टाळण्यासाठी केवळ पाहून मोजण्याऐवजी थोडक्यात विचारपूस करणे बरे. मात्र झोपलेल्या माणसाच्या तोंडावर विजेरी मारून त्याला उठवणे कोणत्याही मोजणीसाठी समर्थनीय नाही. तेथे "पाहून नोंद" अशी वेगळी खूण करावी आणि त्या नोंदींचे प्रमाण जाहीर करावे.

प्रतिसाद — पडवी

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. एका रात्रीची मोजणी कितीही सुधारली, तरी ती त्या क्षणीची शिल्लक सांगते. बेघरपणाची दिशा मात्र येणाऱ्यांत आणि जाणाऱ्यांत असते.

स्थिर परिस्थितीत शिल्लक म्हणजे दरमहा नव्याने बेघर होणाऱ्यांची संख्या गुणिले बेघर राहण्याचा सरासरी कालावधी. दरमहा १०० जण नव्याने बेघर होत असतील आणि प्रत्येक जण सरासरी सहा महिने त्या स्थितीत राहत असेल, तर कोणत्याही रात्री सुमारे ६०० जण सापडतील. पुनर्वसन वेगवान होऊन कालावधी तीन महिन्यांवर आला, तर आकडा ३०० होईल. घर गमावणाऱ्यांचे प्रमाण मात्र तसूभरही कमी झालेले नसेल. उलट नव्याने येणारे निम्मे झाले आणि कालावधी दुप्पट झाला, तर आकडा ६०० च राहील, आणि त्याच आकड्यात आता अधिक काळ रस्त्यावर राहिलेली, अधिक खंगलेली माणसे असतील. या दोन परिस्थितींसाठी उपाय पूर्णपणे भिन्न आहेत. निधीचे निर्णय दिशेवर होतात असे तुम्ही लिहिले आहे. म्हणूनच हा भेद तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे.

लंडनमध्ये दोन्ही प्रकारचे आकडे उपलब्ध आहेत. शरद ऋतूतील एका रात्रीच्या २०२३ च्या अंदाजात तेथे १,१३२ जण उघड्यावर झोपलेले आढळले. मदतपथकांनी वर्षभर भेटलेल्या व्यक्तींची नोंद ठेवणाऱ्या 'चेन' या सामायिक नोंदवहीत २०२३-२४ या वर्षात ११,९९३ निरनिराळ्या व्यक्तींची नोंद आहे. दोन्ही आकडे योग्य आहेत. एक शिल्लक सांगतो, दुसरा वर्षभराची ये-जा. न्यूयॉर्कमध्ये १९८८ ते १९९२ या पाच वर्षांच्या निवारा-नोंदी तपासल्या असता शहराच्या तीन टक्क्यांहून अधिक लोकसंख्येने केव्हा ना केव्हा निवाऱ्याचा आश्रय घेतल्याचे दिसले होते. एखाद्या रात्रीच्या मोजणीतून ही व्याप्ती कोणाच्या ध्यानातही आली नसती.

त्यामुळे महिन्याकाठी चार गोष्टी मोजाव्यात: प्रथमच आलेले, घर मिळून गेलेले, काहीही ठावठिकाणा न कळता दिसेनासे झालेले, आणि पूर्वी गेलेले पण परतलेले. यांतील तिसऱ्या गटाला दुसऱ्यात मिसळण्याचा मोह अनेकांना होतो आणि तेथेच आकडे फसवे होतात. माणूस दिसत नाही याचा अर्थ त्याला घर मिळाले असा होत नाही. तो दुसऱ्या शहरात, तुरुंगात किंवा रुग्णालयात असू शकतो, किंवा मरण पावलेला असू शकतो.

या पद्धतीतही उणिवा आहेत. मदतपथके वाढली की नोंदी वाढतात, गरज वाढलेली असो वा नसो. म्हणून दरमहा किती पथके किती तास फिरली हेही नोंदवावे. एकाच व्यक्तीची नोंद दोन संस्थांकडे दोन प्रकारच्या शुद्धलेखनाने होते, जन्मतारीख ठाऊक नसते, आणि एक माणूस दोन माणसे होऊन बसतो.

तुमच्या निवाऱ्यांच्या भरण्याविषयी एकच सांगतो: भरलेला निवारा त्याची क्षमता सांगतो, मागणी सांगत नाही. खाटा वाढूनही भरणा पूर्ण राहिला, याचा अर्थ आत झोपणारे वाढले आहेत. रस्त्यावरची घट त्या वाढीपेक्षा जास्त आहे की कमी, हे आधी ताडून पाहा. त्यापुढेही खाटांवर आलेले सर्व जण रस्त्यावरूनच आले असे नाही; नातेवाइकांकडे अडचणीत राहणारेही जागा मिळताच निवाऱ्यात येतात. जागा नसल्याने परत पाठवलेल्यांची नोंद कोठेच ठेवली जात नसेल, तर ती आजपासून सुरू करावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर — कोरी_पाटी

तिघांचेही आभार. खाटांची वाढ आणि रस्त्यावरची घट मी अद्याप शेजारी ठेवून पाहिलेली नव्हती. ते काम लगेच करतो. माझा उरलेला प्रश्न असा, की जुन्या मोजणीची मालिका आता टाकून द्यावी काय? नव्या पद्धतीने पुढील वर्षी सुरुवात केली, तर दिशा कळायला आणखी तीन-चार वर्षे जातील, आणि तोवर निर्णय थांबणार नाहीत.

प्रतिसाद — आलेख

टाकून देऊ नका. जे मार्ग सर्व वर्षांत समान राहिले आहेत, तेवढ्यांचीच मालिका वेगळी काढा. ती संपूर्ण शहराचे चित्र देणार नाही, पण समान मोजपट्टीने मोजलेला असा तुमच्याकडे तेवढाच भाग आहे. त्या मार्गांवर स्वयंसेवकांची संख्याही पुष्कळ बदलली असेल, तर तसे स्पष्ट लिहा.

पुढील वर्षी एकाच रात्री जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींनी मोजणी करा. निदान नमुन्यादाखल निवडलेल्या काही भागांत तरी. दोन्ही आकड्यांच्या गुणोत्तरावरून जुनी मालिका नव्या पट्टीवर आणता येते, अर्थात अनिश्चिततेच्या मर्यादेसह. आलेखात पद्धत जेथे बदलली तेथे रेषा तोडावी, सलग ओढू नये. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, अमेरिकेतील अनेक भागांत उघड्यावरच्या बेघरांची मोजणी झालीच नाही, म्हणून त्या वर्षाचा देशपातळीवरचा आकडा इतर वर्षांच्या रांगेत बसवता येत नाही. तेथेही रेषा तोडणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

शहराचे भाग पाडताना जेथे बेघर हमखास आढळतात ते सर्व भाग दरवर्षी मोजावेत आणि उरलेल्यांतून यादृच्छिक नमुना घ्यावा. केवळ ठाऊक असलेल्या जागा मोजल्या, तर कारवाईनंतर पांगलेली माणसे प्रत्येक वेळी "घट" म्हणून नोंदली जातील.

प्रतिसाद — रातवा

एक सूचना राहिली होती. जागांनुसार तपशील प्रसिद्ध करू नका. कोणत्या पुलाखाली किती जण झोपतात याचा नकाशा जाहीर झाला, की तो मदत पोहोचवण्यासाठी जितका वापरला जातो तितकाच त्यांना हटवण्यासाठीही वापरला जातो, आणि पुढच्या वर्षी ती माणसे मोजणाऱ्याला पाहून निघून जातात. प्रभागापेक्षा लहान पातळीवरचे आकडे अभ्यासगटापुरतेच ठेवावेत. व्यक्तींच्या नोंदी जुळवण्यासाठी नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावा, आणि त्या क्रमांकाची किल्ली मोजणी करणाऱ्या यंत्रणेकडे न ठेवता वेगळ्या संस्थेकडे असावी.