जुनी बेसबॉल कार्डं: 'कॉमन'ला खरंच काही भाव असतो का?

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत यार्ड सेलला (घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात तिथे) बुटांच्या खोक्यात भरलेली जुनी बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंची छापील चित्रं, हमखास दिसतात. मालक 'साठच्या दशकातली आहेत' म्हणून खोक्याचे दोनशे डॉलर मागतो. आत मिकी मँटल नाही, विली मेझ नाही, कुणीच स्टार नाही. सगळे कॉमन, म्हणजे संघात होते एवढंच. 2022 मध्ये टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीचं 1952 चं मँटल कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं आणि तेव्हापासून ज्याच्या त्याच्या माळ्यावर खजिना आहे. माझ्या मते कॉमन ही रद्दी. बोला.

माळ्यावरचा
साफ असहमत. खेळाडूचं नाव नका बघू, कार्डाच्या पाठीवरचा नंबर बघा. 1973 पर्यंत टॉप्स सगळी कार्डं एकदम काढत नसे, हंगामभर टप्प्याटप्प्यानं मालिका यायच्या. शेवटची मालिका दुकानात येईपर्यंत पोरांना फुटबॉलचे वेध लागलेले, दुकानदार माल कमी उचलायचे. म्हणून 1966 मध्ये 523 पासून पुढची, 1967 मध्ये 534 पासून पुढची कार्डं कमी मिळतात. त्यातला अगदी अनोळखी खेळाडूही पहिल्या मालिकेतल्या बऱ्यापैकी नावाजलेल्याला भावात मागे टाकतो. 1952 च्या 311 ते 407 ची तर गोष्टच वेगळी. न खपलेले खोके 1960 च्या सुमारास कंपनीने समुद्रात बुडवले.

एडिसनकर
मान्य, पण यार्ड सेलच्या खोक्यात ती असतात किती? पोरांनी जी भरपूर विकत घेतली तीच खोक्यात उरणार. म्हणजे पहिल्या मालिकांचीच.

कोपरा_शाबूत
दोघंही अवस्थेबद्दल बोलतच नाही आहात. 1952 चं पहिल्या नंबरचं कार्ड अँडी पाफ्कोचं. चांगला खेळाडू, पण मँटल नव्हे. पोरं कार्डं नंबरवार लावून रबरबँड घालायची, सगळ्यात वर पाफ्को, त्यामुळे मार खाल्ला त्यानेच. आज त्याचं धारदार कोपऱ्यांचं कार्ड हजारोंत जातं. 1971 चा सेट, म्हणजे त्या वर्षीची सगळी कार्डं, घ्या. काळी किनार, नखानेसुद्धा पांढरी पडते. तिथे कॉमनसुद्धा नव्यासारखं मिळणं मुश्कील, आणि पीएसएचे (ही कंपनी फी घेऊन कार्डाची अवस्था तपासते आणि 10 पैकी ग्रेड देते) 8-9 ग्रेडवाले सेट जुळवणारे त्यासाठी आपापसांत बोली चढवत बसतात.

हिशेबी
बोली लावतात, पण तुमच्या कार्डावर नाही! ग्रेडिंगची फी वीस डॉलरच्या पुढे, वर टपाल, विमा. कार्डाला 5 ग्रेड आला की घातलेले पैसेही सुटत नाहीत. किंमत-पुस्तिकेतला आकडा उत्तम अवस्थेचा असतो. ईबेवर 'विकलेले' हा फिल्टर लावून बघा, साठ-सत्तरच्या दशकातलं साधं, मधल्या अवस्थेतलं कॉमन एक-दोन डॉलरला जातं. घाऊक घेणारा विक्रेता त्याहून बराच कमी देतो, आणि त्यालाही एकेक कार्ड तपासत बसायचं असतं. त्या मजुरीचा हिशेब कोण धरतं?

बाळूदा
1988-90 ची हजारभर कार्डं आहेत माझ्याकडे. ती यात येतात का?

हिशेबी
नाही. तेव्हा इतकी छापली की कॉमनला गिऱ्हाईकच नाही. भाच्याला देऊन टाका.

सेटवाली_माई
सगळे विकणाऱ्याच्या बाजूने बोलताय म्हणून लिहिते. आमच्यासारखे सेट पुरा करणारे नसते तर कॉमनला खरंच रद्दीचा भाव आला असता. स्टार खेळाडूंची कार्डं बाजारात कायम असतात, पैसे टाकले की मिळतात. अडतं ते भलत्याच नंबरापाशी. 1972 चा सेट 787 कार्डांचा आहे आणि माझी अडलेली सगळी 657 च्या पुढची आहेत. तिथे मी पुस्तिका बघत नाही, आणि समोरच्यालाही कळतं की ही बाई घासाघीस करणार नाही.

एडिसनकर
म्हणजे भाव कार्डाला नाही, तुमच्या हट्टाला आहे.

सेटवाली_माई
मँटलच्या कार्डाला तरी दुसरं काय आहे? असो. कुणाकडे 1972 ची 657 नंतरची असतील तर विपू (विचारपूस) करा. दुमडलेली चालतील, पेनाने गिरगटलेली आणि कडा कापलेली नकोत.