फंक्शनल प्रोग्रामिंग शिकायला सुरुवात कुठून करू?

तासगावकर_बीसीए:
नमस्कार मंडळी, मी सांगलीत बीसीए दुसऱ्या वर्षाला आहे, पायथन चांगलं येतं, जावा थोडंफार. सुट्टीत हॅस्केल ही फंक्शनल भाषा, म्हणजे सगळं काम फंक्शन जोडून करायची भाषा, घेतली शिकायला. इन्स्टॉल झालं, बेरीज वजाबाकी झाली आणि पुढं गाडी अडली, कारण व्हेरिएबल एकदा ठरलं की बदलताच येत नाही म्हणतात, मग लूपमध्ये बेरीज ठेवायची कशात? व्हिडिओ बघावा तर दहाव्या मिनिटाला मोनॅड नावाची अवघड कल्पना सुरू करतात. एसटीत जाता-येता रोज वाचते पण डोक्यात बसत नाहीये. भाषा बदलू का?

यार्डातला_कोडर:
ताई, भाषा बदलू नका. मोनॅड सध्या बाजूला ठेवा, त्याच्यावाचून महिनाभर काही अडत नाही.

आमची हळदीची अडत होती, त्यावरून सांगतो. कीर्दीत लिहिलेली रक्कम खोडून नवी लिहीत नाहीत, चूक झाली तरी खाली दुसरी नोंद घालतात आणि शिल्लक सगळ्या नोंदींवरून काढतात. हॅस्केलमध्ये तेच आहे, जुनं तसंच राहतं आणि त्याच्यावरून नवं तयार होतं.

आता पोती घ्या तीन, ५२, ४९ आणि ५१ किलो. बारदान एक किलो धरू. प्रत्येक पोत्यातनं एक वजा करायचं म्हणजे मॅप, हाती आले ५१, ४८, ५०. मूळ यादीला हात लागलेला नाही हे नीट बघा. पन्नासच्या खालची नकोत तर फिल्टर. आणि तिन्ही पोत्यांचं एकूण वजन काढायचं तर फोल्ड, शून्यापासून सुरू करायचं, पहिलं पोतं धरून ५१, मग ९९, मग १४९. तुमच्या लूपमधली ती बेरीज इथं पुढच्या पायरीला हातात दिली जाते, कुठं साठवायची गरजच पडत नाही. हे आधी वहीत करा आणि मग जीएचसीआयमध्ये, म्हणजे ओळ टाकली की लगेच उत्तर देणाऱ्या हॅस्केलच्या खिडकीत, एकेक ओळ टाका. फोल्ड स्वतः रिकर्शननं, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावून, लिहून बघाच, मला तरी तिथंच उजेड पडला.

मिरज_जंक्शन:
वरचं पटलं पण नोकरीच्या दृष्टीनं मी एलिक्सिर ही दुसरी फंक्शनल भाषा सुचवीन. ती अर्लांग भाषेच्या व्हर्च्युअल मशीनवर चालते, आणि अर्लांग एरिक्सन कंपनीनं ऐंशीच्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवली, व्हॉट्सॲपचा सर्व्हरही तिच्यावरच उभा राहिला. टाइपच्या एररही (आकड्याच्या जागी मजकूर दिला वगैरे) सुरुवातीला इतक्या अंगावर येत नाहीत, वेबसाइट लवकर उभी राहते.

यार्डातला_कोडर:
@मिरज_जंक्शन एलिक्सिर चांगलीच आहे, पण ताईंना विचार करायची पद्धत शिकायचीय आणि हॅस्केल त्यातनं पळवाट देत नाही म्हणून मी तिच्यावर अडून बसलोय. त्या टाइपच्या एरर शांतपणे वाचल्या तर चूक कुठल्या ओळीत आहे ते बहुतेक वेळा कळतं. आणि मॅप, फिल्टर पायथनमध्ये आहेतच, जावातही २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शन) आणि स्ट्रीम (यादीवर मॅप, फिल्टर चालवायची सोय) आले, म्हणजे कॉलेजच्या कामातही उपयोग होणार.

ताई, लॅपटॉप मंद असेल तर हॅस्केलचं प्लेग्राउंड ब्राउझरमध्येच उघडतं. आणि एक गंमत करून बघा, एकपासून पुढं न संपणारी यादी द्या आणि त्यातले पाच आकडे मागा. लागतील तेवढेच काढून देतं. नुसती यादी मात्र छापायला सांगू नका, नाहीतर कंट्रोल सी दाबून थांबवावं लागेल.

तासगावकर_बीसीए:
दादा झालं!! घरच्या बेदाण्याच्या बॉक्सची वजनं टाकून फोल्ड स्वतः लिहिला, रिकामी यादी आली तर शून्य द्यायचं ते विसरले होते म्हणून एरर येत होती, ती ओळ घातल्यावर चाललं. आता ही वजनं फाइलमधनं वाचायची आहेत, ते कसं करू?

यार्डातला_कोडर:
शाब्बास. फाइल वाचायचं काम मेनमध्ये (प्रोग्रॅम जिथनं सुरू होतो तिथं) डू लिहून, म्हणजे पायऱ्या एकाखाली एक मांडून करा, आणि हिशोबाचं फंक्शन आत्ता आहे तसंच वेगळं ठेवा, त्याला फक्त आकड्यांची यादी द्यायची. आलेला मजकूर लाइन्स या फंक्शननं ओळीओळीत तोडा आणि प्रत्येक ओळीवर रीड (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) मॅप करा. अडलं तर कोड इथंच टाका, रात्री बघतो.