झाफूवर बसलं की पाय बधिर होतो, मदत हवी आहे

योकोहामाकर
नमस्कार. ऑनलाइन झाफू, म्हणजे ध्यानाला बसायची गोल उशी, मागवला. त्यावर बसलं की थोड्याच वेळात डावा पाय पार बधिर होतो आणि कंबर मागे कलते. शनिवारी झाझेनला (झेन पद्धतीच्या बैठ्या ध्यानाला) जायचं आहे, तिथे मध्येच हलता येत नाही. मोठा झाफू घ्यावा का? आज रात्रीच ऑर्डर करायची आहे, प्लीज लवकर सांगा.

नाना_साइतामा
मोठा म्हणजे रुंद की उंच? आत काय भरलंय? पाय कसे घालता? खाली तातामी (जपानी चटई) आहे की फरशी?

योकोहामाकर
काळा, गोल, कडेला चुण्या असलेला. दाबला तर आवाज येत नाही, कापूसच असेल. एकच पाय मांडीवर. खाली लाकडी फरशी.

नाना_साइतामा
फरशीवर थेट? खाली झाबुतोन हवा ना, तो चौकोनी जाड गादीसारखा. गुडघे आणि घोटे त्यावर येतात. दोन्ही गुडघे टेकतात का, ते आधी बघा.

योकोहामाकर
उजवा टेकतो. डावा अधांतरी.

नाना_साइतामा
मग बैठकीची उंची कमी पडतेय. भार दोन गुडघे आणि बूड या तिघांवर हवा. झाफूच्या पुढच्या निम्म्या भागावरच बसा. पूर्ण मागे सरकलात तर कड मांडीखाली रुतते आणि पाय झोपतो. रुंद झाफू घेतलात तर हेच वाढेल. झेनच्या सोतो पंथातला नेहमीचा व्यास जुन्या जपानी मापात एक शाकू दोन सुन, म्हणजे साधारण ३६ सेंमी, तेवढा पुरतो.

सोबागारा_प्रेमी
कापूस फेकून द्या! कुट्टूच्या टरफलांचा, म्हणजे सोबागाराचा घ्या. चेन उघडून टरफलं काढता-घालता येतात, उंची आपल्या मापाने होते. कापूस काही महिन्यांत दबतोच.

नाना_साइतामा
दबला तर उन्हात टाकायचा आणि कडेने दाबून फुगवायचा. सोतोच्या देवळांत कापोकच वापरतात, आपल्याकडच्या सावरीच्या कापसासारखा. टरफलं बसल्यावर सरकतात, आवाज होतो. आणि सोबाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर लांबच राहावं. जपानमध्ये ती खूप गंभीर मानतात.

सोबागारा_प्रेमी
ताईंना अ‍ॅलर्जी आहे असं कुठे म्हणाल्या?

योकोहामाकर
नाही आहे. पण शनिवारपर्यंत काय करू?

इगतपुरी_साधक
मी धम्मगिरीला विपश्यनेचं शिबिर केलंय. ज्यांना खाली जमत नाही त्यांना खुर्ची मिळते. श्वासाकडे लक्ष असलं की झालं, उशीवर एवढी चर्चा कशाला?

नाना_साइतामा
त्यांनी उशीबद्दलच विचारलंय.

मुक्ता_कामाकुरा
ताई, जाताय कुठे? सोतोच्या देवळात की रिंझाई या दुसऱ्या झेन पंथाच्या?

योकोहामाकर
एंगाकुजी, कामाकुरा.

मुक्ता_कामाकुरा
अहो, हे आधी सांगायचं! एंगाकुजी (स्थापना १२८२) रिंझाईचं. तिथे गोल झाफूची अपेक्षा ठेवू नका. रिंझाईत बहुधा चौकोनी झाबुतोन दुमडून बुडाखाली घेतात. भिंतीकडे नाही, एकमेकांकडे तोंड करून बसतात. घरीही तसंच बसून बघा. जाड उशी किंवा दुमडलेली चादर चालेल.

तोत्सुका_दादा
गोल झाफूवरच बसायचं असेल तर त्सुरुमीचं सोजीजी हे सोतोचं देऊळ तुम्हाला जवळ. आग लागल्यावर १९११ साली नोतो द्वीपकल्पाहून तिथे हललं. परिसर फार सुंदर आहे, नक्की बघा. रिंझाईत केइसाकूची पट्टी (ध्यानात जाग आणायला मारायची लाकडी पट्टी) समोरून मारतात, सोतोत मागून उजव्या खांद्यावर. घाबरू नका, आपण हात जोडून मागितली तरच.

मुक्ता_कामाकुरा
उठल्यावर पाय किती वेळात पूर्ववत होतो? मिनिटा-दोन मिनिटांत आला तर ठीक. बराच वेळ बधिर राहत असेल किंवा पाऊल उचलता येत नसेल तर आधी डॉक्टर.

योकोहामाकर
लगेच येतो. आत्ता झाफूखाली टॉवेल घडी करून घातला, पुढे सरकून बसले. डावा गुडघा टेकला! कंबरही सरळ राहतेय. घोटा मात्र फरशीवर दुखतोय, म्हणून फक्त झाबुतोन मागवते. शनिवारी आत मोजे चालतात का?

मुक्ता_कामाकुरा
नाही, अनवाणीच. सैल पँट घाला, जीन्स नको.