नवरा-बायको मिळून कॉमिक्स काढतोय, आपली बोली ठेवावी का हिंदीत जावं?

दोघांची_वही (परभणी)

नमस्कार मंडळी. मी आणि माझा नवरा मिळून इन्स्टा आणि फेसबुकवर छोट्या कॉमिक स्ट्रिप टाकतो. तो शाळेत चित्रकलेचा शिक्षक आहे, काढायचं काम त्याचं, लिहायचं माझं, म्हणजे घरात दिवसभर जे चालतं त्यातलं काय उचलायचं आणि फुग्यात कुणाच्या तोंडी काय घालायचं ते माझ्याकडं. लग्नानंतर सुरू केलं, ओळखीपाळखीच्या सगळ्यांनी फॉलो केलं, पण हजार-बाराशेच्या वर गाडी सरकतच नाही.

एक गोष्ट घडली म्हणून इथं विचारायलेय. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, येतं ते रात्री-बेरात्री. त्याच्यावर चार पॅनलची स्ट्रिप केली होती. पहिल्यात पूर्ण अंधार आणि कोपऱ्यातल्या नळातून नुसता फुस्स आवाज, दुसऱ्यात दोघं पाइप घेऊन पळतायत अन् त्याचा पाय तिच्या गाऊनमधे अडकलाय, तिसऱ्यात हंडे, बादल्या, कुकर, पातेली, अगदी आमटीच्या वाट्यासुद्धा भरून ठेवलेल्या, आणि चौथ्यात दोघं पालथ्या बादल्यांवर पाठीला पाठ लावून झोपलेले. सगळ्या स्ट्रिपमधे शब्द एकच, "आलं!!" ही कुठल्या कुठं गेली, बीडच्या माझ्या मावशीला ती तिच्या भिशीच्या ग्रुपवर आली, फक्त खालची आमची सही कुणीतरी कापून टाकलेली. त्याच महिन्यात बाल्कनीत कॉफी पिणारं जोडपं काढलं होतं, रंग किती सुंदर झालते, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तर विचारायचं असं की परभणीच्या बोलण्यात लिहिलं तर पुण्या-मुंबईचे लोक वाचतील का, का सरळ हिंदीत जावं? सगळे म्हणतात रील काढा, चित्रवाल्यांनी काढावी का? आणि सगळ्यात अवघड, सासूबाईंचा फोन कायम स्पीकरवर असतो यावर एक स्ट्रिप टाकली होती, हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी त्यांना "तुमच्यावरच काढलंय की" म्हणून दाखवली, त्यांना फार लागलं. घरातलंच काढायचं म्हणल्यावर घरातली माणसं येणारच, मग काय करता तुम्ही लोक?

येळवस_स्पेशल (लातूर)

ताई, पाण्याची स्ट्रिप का चालली ते लातूरकराला समजवायची गरजच नाही, 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलंय आम्हाला. माझ्या मते तुमची ती स्ट्रिप लोकांनी "छान चित्र" म्हणून पाठवलीच नाही, बायकोनं नवऱ्याला पाठवली, "बघा, आपलंच आहे" म्हणून. जोडप्याच्या कॉमिक्सचं सगळं बळ इथंच आहे बघा, वाचणारे पण जोडीनं वाचतात. कॉफीवालं जोडपं कुणी कुणाला पाठवावं? ते कुणाच्याच घरातलं नाही.

तेल अवीवचं येहुदा आणि माया देवीर हे जोडपं बघा, 2016 ला त्यांनी आपल्या रोजच्या संसाराची चित्रं ऑनलाइन टाकायला सुरुवात केली, आज जगभर वाचक आहेत त्यांना. बाथरूम कुणी अडवलं, पांघरूण कुणी ओढलं असलेच विषय, बहुतेक वेळा एकच मोठं चित्र आणि शब्द फार थोडे. पुढं मूल होत नव्हतं तो काळही त्यांनी काढला, तेव्हा लोक नुसते हसायला येत नव्हते. अमेरिकेतल्या केटाना चेटविंडची गोष्ट तर अजून साधी, ती बॉयफ्रेंडसाठी म्हणून घरातले बारीकसारीक क्षण काढायची, आणि ऑनलाइन टाकायचं त्याच्या डोक्यातून निघालं. म्हणजे एकानं काढायचं आणि दुसऱ्यानं ते बाहेर न्यायचं, हीसुद्धा जोडीच.

आणि शब्दाविना हसवणं आपल्याला काही परकं नाही. शि. द. फडणीसांनी आयुष्यभर तेच केलं, त्यांच्या चित्राला भाषेची अडचण कधी आलीच नाही.

म्हणून माझं मत, हिंदीत जाऊ नका. जिथं शब्द लागत नाही तिथं ठेवू नका आणि जिथं लागतो तिथं घरी बोलता तोच ठेवा. मी येळवशीची स्ट्रिप केली होती, मार्गशीर्षातली अमावस्या, सगळा गाव शेतात, कडब्याची कोप, भज्जी, आंबील. सून आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन बांधावरून चाललीय आणि मागून नवरा मोबाइलवर बोलत येतोय, ती न वळता म्हणते "काय करलालाव, हात लावा की जरा". करलालाव बदलून "काय करताय" केलं असतं तर ती बाई लातूरची राहिलीच नसती. खाली कॅप्शनमधे येळवस म्हणजे काय ते साध्या मराठीत दोन ओळीत लिहिलं, कोकणातल्या लोकांनी पण कमेंट केल्या, आंबील कशी करतात विचारलं.

नांदेडचा_पुण्यात

वरचं पटतंय पण अर्धंच. मी सोशल मीडियाचंच काम करतो म्हणून जरा कोरडं सांगतो. बोली ठेवा, पण बोलीनं पोस्ट आपोआप पळत नाही. इन्स्टाचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी स्वतः सांगितलंय की जे तुम्हाला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायला लोक पोस्ट किती पाठवतात याला मोठं वजन आहे. म्हणजे लाइक मोजत बसू नका, पाठवलेल्याचा आकडा बघा, तो इनसाइट्समधे दिसतो. तुमची पाण्याची अन् कॉफीची पोस्ट शेजारी ठेवून तेवढा एकच आकडा बघा, पुढचे विषय कुठले घ्यायचे ते तिथंच कळतं.

आता स्ट्रिपचा आकार. आडवी चार पॅनलची पट्टी वर्तमानपत्रासाठी ठीक, मोबाइलवर ती मुंगीएवढी होते. उभं चित्र करा, 1080 बाय 1350, आणि एका स्लाइडवर एक पॅनल. कॅरसेल, म्हणजे एकाच पोस्टमधली सरकवून बघायची चित्रं, 2017 ला आलं तेव्हा 10 चित्रं घेत होतं, 2024 पासून 20 घेतं, पण तुम्हाला चार-पाच पुरेत. पहिल्या स्लाइडवर नाव-गाव-नमस्कार नको, थेट तो अंधार आणि फुस्स. सही चित्राच्या कडेला ठेवली की कापतात, ती आत ठेवा, बादलीवर लिहा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कापायची म्हणलं तर चित्रच कापावं लागेल.

रील काढाच, फक्त नाचायचं नाही. मास्तर काढताना वरून हात दिसू द्या आणि मागं तुम्ही तो डायलॉग तुमच्या आवाजात म्हणा. परभणीचा हेल कानाला लागला की वाचणारा पुढची स्ट्रिप त्याच आवाजात वाचतो.

अक्षरांचं पण बघा. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, म्हणून इंग्रजीच्या मापाचा फुगा कमी पडतो, ओळीत जागा जास्त सोडा. हातानं लिहिता येत असेल तर हातानंच लिहा, चित्रकलेच्या मास्तरांचं अक्षर असतंच चांगलं. नाहीतर 'एक टाइप' नावाच्या संस्थेचे बालू आणि मुक्ता हे फॉन्ट फुकट आहेत, कामाला चालतात. फोटोशॉपमधे जोडाक्षरं फुटायलीत असं दिसलं तर फॉन्टला दोष देऊ नका, आधी सेटिंगमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा. सॉफ्टवेअर विकत नसेल घ्यायचं तर क्रिता फुकट आहे आणि मोबाइलवर इबिस पेंट आहे.

जुनी_औरंगपुरा (छ. संभाजीनगर)

मला सासूबाईंच्या प्रश्नावरच बोलायचंय, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे अन् वर दोघांनी त्याला हातच लावला नाही.

आम्ही पण दोघं काढतो, वयानं तुमच्यापेक्षा बरेच मोठे आहोत. आमच्यात असं ठरलंय की दोघांपैकी एक जण जरी नको म्हणला तर ती स्ट्रिप जात नाही, कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. आज भांडण झालं तर आज काढायचं नाही. रागात काढलेल्या चित्रात एकाचा चेहरा वाईट होतोच, मग कमेंटमधे लोक बाजू घ्यायला लागतात, "वहिनी बरोबर आहेत", "दादा बिचारे", आणि संपलेलं भांडण अनोळखी माणसं परत पेटवतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

घरातल्या तिसऱ्या माणसाचं वेगळं असतं. तुम्ही दोघं स्वतःहून चव्हाट्यावर आलात, त्या नाही आल्या. मला वाटतं सासूबाईंना काकूंकडून कळलं हेच लागलं असणार, फोन स्पीकरवर असतो ते त्यांनाही माहिताय. माझ्या आईवर काही काढलं की मी आधी कागद तिच्या हातात देते, चष्मा लावून ती बघते, कधी म्हणते माझं लुगडं असलं नाही, हिरवं कर. लुगडं हिरवं झालं की चित्र तिचं होतं, मग तीच पोळीवाल्या बाईला दाखवते. एकदा म्हणाली हे नको, ते आजही कपाटात आहे. चांगली होती स्ट्रिप, पण राहू दे.

तुमच्या सासूबाईंना एखादी गोष्ट सांगायला लावा, त्यांच्या लग्नातली, माहेरची, आणि कॅप्शनमधे "गोष्ट सासूबाईंची" असं लिहा. त्यांच्या वयाच्या बायका फेसबुकवर किती आहेत ते बघाल तुम्ही. आमचे सगळ्यात मन लावून वाचणारे तिथंच आहेत, इन्स्टावर नाहीत.

दोघांची_वही

खूप खूप आभार सगळ्यांचे, नवऱ्याला वाचून दाखवायलेय. हिंदीचं डोक्यातून काढलं. आईंना आज संध्याकाळी विचारते, त्यांच्याकडं गंगाखेडच्या त्यांच्या माहेरचे लई किस्से आहेत. एकच राहिलं, याच्यातून चार पैसे कसे मिळतात? आणि नाव कुणाचं टाकायचं, सध्या नुसतं त्याचंच आहे कारण चित्र तो काढतो.

येळवस_स्पेशल

नाव दोघांचं टाका, आजच्या आज. चिंटू आठवा, 1991 पासून सकाळमधे यायचा, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर अशी दोन्ही नावं लोकांना माहीत आहेत. विषय तुमचा, संवाद तुमचा, आणि नाव एकट्याचं? मी तर म्हणते लिखाण आणि चित्र असं वेगळं पण लिहू नका, तुमच्या घरात पॅनल ठरवताना कुणी काय सुचवलं हे वेगळं काढता येणार आहे का?

नांदेडचा_पुण्यात

नावाचं कायद्याच्या बाजूनंही बरोबर आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात दोघांचं काम वेगळं काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती धरतात आणि हक्क दोघांचा राहतो. अकाउंटचा पासवर्ड, ईमेल, मूळ फायली दोघांकडं पाहिजेत.

पैशाचं म्हणाल तर पेट्रिऑन वगैरे, जिथं वाचक दर महिन्याला पैसे देतात, ते डॉलरवाल्या वाचकांसाठी ठीक, आपला परभणीचा वाचक कार्डावर महिन्याला डॉलर देणार नाही. तो कॅलेंडर घेईल, लग्नाच्या पत्रिकेवर आपलं दोघांचं चित्र काढून द्या म्हणेल, मित्राच्या लग्नाला फ्रेम करून देईल, आणि यूपीआयनं लगेच पैसे टाकेल. लग्नसराईच्या आधी तुमच्याच शैलीतल्या दोन-तीन पत्रिका नमुना म्हणून पेजवर टाकून ठेवा. दिवाळी अंकांना हास्यचित्रं लागतातच, पण श्रावणात जागे झालात तर उशीर होतो, उन्हाळ्यातच संपादकांना नमुने पाठवा. मानधन थोडं असतं, पण छापलेला अंक घरी आला की घरच्यांचा सूर बदलतो, त्याचं मोल वेगळंच.

दुकानदार, क्लासवाले जाहिरातीसाठी विचारतील, घ्या, फक्त पोस्टवर जाहिरात आहे असं स्पष्ट लिहा. इन्फ्लुएन्सरसाठी जाहिरात मानक परिषदेची नियमावली 2021 पासून आहे. आणि काम ठरलं की किती चित्रं, किती वेळा बदल, ती कुठं कुठं वापरणार हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. माझ्या एका मित्राला एका क्लासवाल्यानं "जरा रफ दाखवा" म्हणून सगळी रफ घेतली आणि तीच बॅनरवर छापली, पैसे अजून यायचेत. तेव्हा अर्धे पैसे खात्यात आल्याशिवाय रफ स्केचसुद्धा पाठवायचं नाही.