कव्हरखालची नॅनो

पाटील सर (सचिव): सर्व सभासदांना नमस्कार 🙏 रविवारी सकाळी १० वाजता पार्किंगचे पट्टे नव्याने मारायचे आहेत. ९ पर्यंत गाड्या गेटबाहेर काढाव्यात. १४ नंबरला कव्हर घातलेली गाडी आहे, तिच्याबद्दल दोन तक्रारी आल्या आहेत. जागा अडते, आणि खाली मांजर व्याली आहे. संबंधितांनी काय ते ठरवावे.

देशपांडे काकू (ए-१०२): पिल्लं चार आहेत. तीन पांढरी.

अमित (सी-४०३): सर, राग नसावा, पण स्पष्ट बोलतो. नाशकात सिंहस्थ कुंभमेळ्याला घराघरात पाहुणे येणार, एकेक जागा लागणार आहे. भंगारवाला हल्ली फोन केला की येऊन उचलून नेतो.

कुलकर्णी काका (बी-२०३): ती माझी टाटा नॅनो आहे. भंगार नाही. कागद २०२९ पर्यंत चालू आहेत.

अमित (सी-४०३): काका, सॉरी, तुमची आहे माहीत नव्हतं. पण नॅनो कशाला सांभाळायची? साध्या, स्वस्त गाडीची कधी क्लासिक होते का, लोक हौसेने जपतील अशी?

कुलकर्णी काका (बी-२०३): टाइप करतोय, थांब.

मीनल (ए-४०१): आज पाणी कमी दाबाने येतंय का सगळ्यांकडे?

पाटील सर (सचिव): हो. टँकर सांगितला आहे.

कुलकर्णी काका (बी-२०३): २००९ ला बुकिंग दोन लाखांच्या वर गेलं होतं. पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत काढली, त्यात माझा नंबर लागला. आमच्या हिने शेजारी पेढे असे वाटले की लोकांना वाटलं म्हाडाचं घर लागलं. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून टाटांच्या कारखान्याचं बिऱ्हाड उठलेलं आणि गुजरातेत साणंदचा अजून उभा राहायचा होता, म्हणून पहिल्या गाड्या उत्तराखंडात पंतनगरला बनल्या. ही त्यातली. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे. पेट्रोल भरायला पुढचं बॉनेट उघडावं लागतं, पंपावरचा पोरगा अजूनही नळी घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारतो. चाकाला नट तीन, वायपर एक. डिकीचं दार बाहेरून उघडतच नाही, मागची सीट पाडून सामान ठेवायचं. मी मायकोत, म्हणजे आताच्या बॉशच्या कारखान्यात, ३४ वर्षं काढली. एकेका भागातून पैसा वाचवणं म्हणजे काय असतं ते मला कळतं. या गाडीत ते जागोजाग दिसतं.

रोहन (ए-५०१): काका, सगळा आदर ठेवून, पण आग लागायची ना त्यांना?

कुलकर्णी काका (बी-२०३): काही गाड्यांना लागली होती, पेपरात आलं होतं. माझ्या गाडीची एक वायर उंदराने खाल्ली, एवढंच.

देशपांडे काकू (ए-१०२): म्हणूनच मांजर हवी.

रोहन (ए-५०१): क्लासिक म्हणजे चालवताना मजा आली पाहिजे, असं मला वाटतं. माझं मत फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयला. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तीही आपल्या चाकणची. २०२२ ला पोलो बंद झाली तेव्हा निरोपाची 'लेजंड एडिशन' काढली होती. त्याआधी १.८ लिटरची पोलो जीटीआय आली होती, देशात ९९ च. पण ती स्वस्तात बसत नाही.

अपर्णाताई (बी-३०१): आमची फोर्ड फिएस्टा १.६ एस कोणी विचारातच घेत नाही! १०१ बीएचपी ताकद आणि जुनं हायड्रॉलिक स्टिअरिंग. कसारा घाटात वळण घेताना रस्ता हाताला कळतो. नवीन गाड्यांची स्टिअरिंगं टीव्हीच्या रिमोटसारखी झालीत. सप्टेंबर २०२१ ला फोर्डने इथलं उत्पादन गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, त्या दिवशी हे म्हणाले, आता विकून टाकू. मी म्हटलं, आता तर मुळीच नाही.

अमित (सी-४०३): कंपनी गेली मग पार्ट कुठून आणणार?

शेख चाचा (सी-१०१): अमित बेटा, हा खरा प्रश्न. मी इथे नाशकात द्वारका सर्कलला ३० वर्षं गॅरेज चालवतोय. गाडी चांगली होती की वाईट यावर ती टिकत नाही. पार्ट कोण देणार आणि मेकॅनिकला ती कळते का, यावर टिकते. अपर्णाताईंच्या फिएस्टाचं इंजिन मी डोळे मिटून खोलेन. क्लच, ब्रेक, सस्पेन्शनचा माल अजून मिळतो. हेडलाइटची काच, डॅशबोर्डचा तुकडा, दाराची बीडिंग यासाठी मात्र वणवण आहे. लोखंड खरादीवर करून घेता येतं, प्लास्टिकचं काय करणार? रोहनचा गिअरबॉक्स तर मी उघडणारच नाही बाबा. त्याच्या आत कॉम्प्युटर बसलाय.

रोहन (ए-५०१): चाचा 😭

शेख चाचा (सी-१०१): आता माझं नाव ऐका. होंडा सिटी व्हीटेक, २००० ते २००३ ची. १.५ लिटर, १०६ बीएचपी. पुढची सिटी आली तिच्यात ताकद ७७ च ठेवली, ॲव्हरेजसाठी. लोकांनी तेव्हा ॲव्हरेज बघून तीच घेतली, वाईट काही नव्हतं त्यात. पण जुनीला भाव चढला तो नवीनमुळे. कोणती गाडी क्लासिक होणार हे त्या गाडीकडे बघून कळत नाही, तिच्या मागून काय आलं ते बघावं लागतं. फियाटच्या पालिओ १.६ चं तेच. पेट्रोल प्यायची म्हणून लोक शिव्या घालायचे. आता तीच माणसं माझ्याकडे येऊन विचारतात, चाचा, कुठे एखादी आहे का?

अपर्णाताई (बी-३०१): सचिनच्या सहीवाली पालिओ होती ना?

शेख चाचा (सी-१०१): एस१०. ५०० च काढल्या होत्या. माझ्या हाताखालून एकही गेली नाही, खोटं कशाला बोलू.

सुनीलदादा (सी-२०२): उशिरा बघितलं, सेकंड शिफ्टला होतो. तुम्ही सगळं सांगितलं आणि आपल्या सातपूरच्या महिंद्राची गाडीच विसरलात. लोगन! २००७ पासून आपल्याकडे बनायची, मी तेव्हा नुकताच लाइनवर लागलो होतो. पुढे भागीदार रेनो वेगळी झाली आणि लोगनचं नाव व्हेरिटो झालं.

अमित (सी-४०३): दादा, ती तर टॅक्सी.

सुनीलदादा (सी-२०२): तेच तर. टॅक्सीत जुंपली की गाडी मरेपर्यंत पळवतात, जपत कोणी नाही. अजून १५ वर्षांनी एक चांगली लोगन शोधून दाखव. आणि मराझो? सप्टेंबर २०१८ ला इथेच नाशकात लाँच झाली. मागच्या माणसांसाठी छतावरून एसी, दार लावलं की 'धप्प' असा जड आवाज. विकली गेली नाही, शेवटी संपली. ती आमच्या हातची आहे म्हणून नाही सांगत.

मीनल (ए-४०१): म्हणूनच सांगताय दादा 😄

सुनीलदादा (सी-२०२): बरं, म्हणूनच सांगतोय.

मीनल (ए-४०१): सीए म्हणून थोडं बोलू का? १५ वर्षांनंतर आरसी नूतनीकरणाला कारचे ५,००० लागतात, २० वर्षं उलटली की १०,०००. ते पाच वर्षांसाठी असतं. वर पर्यावरण कर आणि फिटनेस. इन्शुरन्समध्ये पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तेव्हा फोटो आणि बिलं जपून ठेवा, नाहीतर क्लेमच्या वेळी भंगाराचा भाव हातात येईल. हौस म्हणून ठेवा, गुंतवणूक म्हणून नको.

अमित (सी-४०३): मग व्हिंटेजचा वेगळा नंबर मिळतो ना? तो घेतला की झालं.

मीनल (ए-४०१): २०२१ चा केंद्राचा नियम आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी लागते. फी २०,०००, नंबरात 'व्हीए' येतं. मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच.

कुलकर्णी काका (बी-२०३): म्हणजे २०५९. मी तेव्हा १०४ वर्षांचा असेन. पाटील सर, तोपर्यंत १४ नंबर राहू द्या.

पाटील सर (सचिव): 🙏

अमित (सी-४०३): काका, मस्करी सोडा, शेवटची चालवलीत कधी?

कुलकर्णी काका (बी-२०३): दिवाळीत, सोमेश्वरपर्यंत. येताना गंगापूर रोडला सिग्नलवर एक शाळकरी मुलगा स्कूटरवर वडिलांच्या मागे बसला होता. त्याने विचारलं, आजोबा ही कुठल्या कंपनीची इलेक्ट्रिक? जून २०१८ मध्ये अख्ख्या महिन्यात एकच नॅनो बनली होती. त्याने ही गाडी पाहिलीच नसणार.

शेख चाचा (सी-१०१): काका, पेट्रोलचे पाइप बदललेत का? एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचं रबर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी नसतं. उभी राहिली की जास्त त्रास.

कुलकर्णी काका (बी-२०३): पाइप आणि फिल्टर दोन्ही बदललेत, बिल फाइलला आहे. मीनल, ऐकतेस ना.

मीनल (ए-४०१): 👍

पाटील सर (सचिव): विषय लांबला, पण चांगला झाला. सध्या असे करू. १४ नंबर गेटजवळ असल्याने पाहुण्यांसाठी घेऊ. पाण्याच्या टाकीमागे २२ नंबर रिकामा आहे, तिथे टँकरमुळे मोठी गाडी वळत नाही. नॅनो वळेल.

अमित (सी-४०३): मला चालेल. पण नॅनोला क्लासिक मी म्हणणार नाही.

सुनीलदादा (सी-२०२): तुझी क्रेटा २०५९ ला बघू.

देशपांडे काकू (ए-१०२): पिल्लांना खोक्यात घेते रविवारी. गाडी हळू काढा.

*रविवार*

रोहन (ए-५०१): काका, मी आणि सुनीलदादा खाली आलोय. गाडी चालू होत नाही. जम्पर केबल आणली आहे पण बॅटरीच सापडेना. पुढे पण नाही, मागे इंजिनाजवळ पण नाही.

कुलकर्णी काका (बी-२०३): सीटखाली बघ.