ट्रॉलीच्या पत्र्यावर मालगाडीसारखी ग्राफिटी: रंग का सुरकुततो, नंबराचं काय करायचं?

उसाचा_फड (पलूस)
ट्रॉली घरची आहे, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. बाजूचा पत्रा १२ फूट लांब, ३ फूट उंच. दर २ फुटांवर उभं चॅनेल, अडीच इंच बाहेर आलेलं. अमेरिकेतल्या मालडब्यांवर असतं तसं या टोकापासून त्या टोकापर्यंत गावाचं नाव टाकायचंय, देवनागरीत, गाळप सुरू व्हायच्या आत. कोपऱ्यात ऑइल पेंट मारून दुसऱ्या दिवशी वर स्प्रे मारला, तर पाच मिनिटांत खालचा रंग सुरकुतला. चुकलं काय? स्प्रेचे डबे किती लागतील? आणि पत्र्यावरच्या नोंदणी क्रमांकाचं काय करायचं?

पेंटर_कुपवाड
खालचा इनॅमल, म्हणजे तुमचा ऑइल पेंट, वरून सुकला, आतून कच्चाच होता. स्वस्त स्प्रेत लॅकरचा जहाल थिनर असतो. तो कच्च्या थरात शिरला की थर फुगतो आणि उचलतो. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस, पावसाळ्यात तीन आठवडे थांबा, ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा आणि स्प्रेचा पहिला हात नुसता धुरळल्यासारखा द्या. भिजवला की पुन्हा तेच.

त्याच्याही आधी पत्रा पाण्यानं धुवा. थिनरनं पुसून भागत नाही ओ, उसाच्या रसातली साखर पाण्यातच विरघळते. ती राहिली तर प्राइमर पापुद्र्यासारखा सुटतो आणि शिव्या रंगवाल्याला पडतात. पत्रा वाळला की तारेचा ब्रश, ८० नंबरचा पेपर, थिनरचं फडकं आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्राइमर. रात्रभर उघडा ठेवलात तर दवानं परत तांबूस होतो.

हिशोब: एक बाजू ३६ चौरस फूट, म्हणजे ३.३ चौरस मीटर. ४०० मिलीचा डबा जेमतेम दीड चौरस मीटर झाकतो, त्यामुळे सगळं स्प्रेनं भरायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही बाजूंची जमीन, म्हणजे अक्षरांमागचा सपाट रंग, रोलरनं, दोन हात, दीड लिटर इनॅमल. स्प्रे फक्त आउटलाइन, छटा आणि चमक यांना. दोन्ही बाजू मिळून सहा-सात डबे. गडद जमिनीवर पिवळा उठत नाही, खाली आधी पांढरा द्या. काम सकाळी दहाच्या आत. पत्रा तापला की रंग पोचण्याआधीच सुकतो आणि हाताला खरखर लागते. पावसाळी हवेत उलटं, लॅकरवर पांढुरकी साय धरते.

डबा_मोजणी (मिरज)
नंबराचं उत्तर मालगाडीवाल्यांकडेच आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनं मे १९८९ मध्ये शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून काढला, त्या सुमारास बरेच रायटर, म्हणजे ग्राफिटी काढणारे, मालडब्यांकडे वळले. भुयारी डबा शहरातच फिरतो, मालडबा खंडभर. त्यांचा संकेत असा: डब्याचा नंबर, मालक कंपनीची अक्षरं आणि वजनाचे आकडे सोडून रंगवायचं. ते झाकले की रेल्वेला नंबर पुन्हा घालावा लागतो आणि पीसवर, म्हणजे काढलेल्या चित्रावर, चौकोनी ठिगळ बसतं. नंबर शाबूत असला तर पीस वर्षानुवर्षं फिरू शकतं.

तुम्हीही नोंदणी क्रमांक आणि रिफ्लेक्टर मास्किंग टेपनं झाका. रिफ्लेक्टरवर स्प्रेचा धुरळा बसला तर रात्री ट्रॉली दिसणार नाही, आणि ते ठिगळापेक्षा फार महाग पडेल. रंग पुरता कडक व्हायच्या आत टेप मागे दुमडून ओढा, नाहीतर कडेचा पापुद्रा सोबत येतो.

स्प्रेच्या कितीतरी आधीपासून तिथले रेल्वे कामगार खडूनं किंवा तेलकट रंगकांडीनं एका दमात छोटी चित्रं काढत. त्यांना मोनिकर म्हणतात. ‘बोझो टेक्सिनो’ नावाच्या मोनिकरमधल्या टोपीची कड अनंताच्या चिन्हासारखी. आर्कान्सातला बझ ब्लर १९७१ पासून पाइपवाला काउबॉय काढायचा, खाली दर वेळी वेगळी ओळ. जुन्या मोनिकरवर रंग मारणाऱ्याला त्या लोकांत मान नसतो.

कृष्णाकाठ
मिरजेत उभ्या वाघिणींवर खडूनं लिहिलेलं असतं, ते हेच का?

डबा_मोजणी (मिरज)
नाही दादा, ते तपासणीवाल्यांचं कामाचं लिखाण. ‘सिक’ म्हणजे डबा दुरुस्तीला काढायचा. रंगवलेला ११ आकडी नंबर वेगळा: दोन आकडे प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन बांधणीच्या वर्षाचे, चार डब्याचे आणि शेवटचा पडताळ्याचा. सम स्थानांच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करा, त्यात विषम स्थानांची बेरीज मिळवा; पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो पडताळा. १००७१२३४५६ चा ३ येतो, करून बघा. हे सगळं फलाटावरून बघायचं. यार्डात शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि डब्याच्या वर २५,००० व्होल्टची तार आहे.

बाराखडी
देवनागरीची खरी अडचण शिरोरेषा. चॅनेल बाहेर आलेलं, त्यामुळे रेघेसाठी रंगाचं सूत ताणून मारलं तर ते फक्त चॅनेलवर उमटतं, पत्र्यावर नाही. प्रत्येक खणात खालच्या अँगलपासून टेपनं उंची मोजून खूण करा. अर्धा इंच चुकली तरी रेषा मोडल्यासारखी दिसते. वेलांटी-मात्रांसाठी वर ८ इंच सोडा. काना चॅनेलपासून ३ इंच दूर ठेवा, चिकटला तर चॅनेलच्या सावलीनं दोन काने दिसतात. चॅनेलवर समोरून स्प्रे मारला की त्याच्या बाजू कोऱ्या राहतात. एकदा डावीकडून तिरपा, एकदा उजवीकडून. डब्याच्या तोंडाला बारीक कॅप लावून ४-५ सेंटिमीटरवरून रेघ, रुंद कॅपनं १५-२० वरून छटा. हात रेंगाळला की ओघळ. तो ओला असताना पुसू नका, सुकू द्या, घासा, वरून जमिनीचा रंग.

उसाचा_फड (पलूस)
गावाच्या नावात दोन वेलांट्या आहेत, म्हणजे अक्षरांना २८ इंचच उरतात. आधी कागदावर खण पाडून बघतो.